विनोदातील तृतीय पुरुष

विनोदाचे स्वरूप काय, हास्य कशातून निर्माण होते, विसंगतीचा आणि हास्याचा संबंध कोणता, या प्रश्नांची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. न. चिं. केळकरांच्या 'हास्यविनोदमीमांसे'सारख्या ग्रंथांनी या विषयाला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला आणि पुढील अभ्यासकांनी भारतीय व पाश्चात्त्य उपपत्तींचा परामर्श घेतला. परंतु या सर्व चर्चेचा रोख बहुतांशी हसणाऱ्यावर आहे. हसणारा का हसतो, हे तिला जाणून घ्यावयाचे असते. ज्याला हसले जाते त्याचे काय होते, आणि जे होते त्याची जबाबदारी विनोद सांगणाऱ्याकडे कितपत जाते, हा प्रश्न मीमांसेच्या कक्षेबाहेर राहतो. तो सभ्यतेच्या किंवा अभिरुचीच्या सदरात टाकून दिला जातो. वस्तुतः हा प्रश्न प्रथम अर्थाचा आहे. अवमानकारक विनोदात नेमके काय म्हटले जाते, कोणाला म्हटले जाते आणि कोण म्हणतो, हे ठरल्याखेरीज जबाबदारीचा निवाडा करता येत नाही. त्या दृष्टीने या प्रश्नाची भाषिक बाजू तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अशा विनोदाविषयी कोणी हरकत घेतली की कथकाचे उत्तर ठरलेले असते : ती नुसती गंमत होती. या उत्तराचा अर्थ असा की, विनोदात केलेले विधान हे विधानच नव्हे. ते खरे म्हणून सांगितलेले नाही, म्हणून त्याच्या खरेखोटेपणाची किंवा परिणामांची जबाबदारी सांगणाऱ्यावर येत नाही. या उत्तरात तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. नाटकातील पात्राच्या उक्तीबद्दल नटाला कोणी जाब विचारीत नाही. पण या बचावाची व्याप्ती किती, हे पाहावयास हवे.

१

प्रारंभी मराठी भाषेने या क्षेत्रात स्वतःच केलेल्या काही भेदांकडे लक्ष द्यावे लागेल. थट्टा, मस्करी, चेष्टा, टवाळी, टर, खिल्ली, कुचेष्टा, उपहास ही शब्दसंपदा वरवर पाहता समानार्थक वाटते. परंतु या शब्दांचा विभक्तिप्रत्ययांशी येणारा संबंध एकसारखा नाही. 'त्याच्याशी थट्टा केली' आणि 'त्याची थट्टा केली' असे दोन्ही प्रयोग शिष्टसंमत आहेत, मस्करीचेही तसेच. मात्र 'त्याच्याशी खिल्ली उडविली' असे कोणी म्हणत नाही. खिल्ली त्याचीच उडवावी लागते. टर आणि उपहास यांनाही '-शी' हा प्रत्यय चालत नाही. खुद्द 'विनोद' हा शब्द दोन्हीकडे जातो : माणूस कोणाशी विनोद करतो, किंवा कोणावर विनोद करतो.

हा केवळ प्रयोगवैचित्र्याचा भाग नाही. '-शी' हा प्रत्यय भांडणे, बोलणे, खेळणे, लग्न करणे यांसारख्या, दोन पक्षांवाचून सिद्ध न होणाऱ्या क्रियांबरोबर येतो. 'त्याच्याशी थट्टा केली' असे म्हटल्यावर तो समोर आहे, तो ऐकतो आहे आणि त्याला उलट थट्टा करण्याची मोकळीक आहे, हे गृहीत धरले जाते. व्याकरणाच्या परिभाषेत तो द्वितीय पुरुष होतो. 'त्याची' किंवा 'त्याच्यावर' म्हटले की तो विषय बनतो. तो समोर असला काय किंवा नसला काय, संवादात त्याला स्थान नाही. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधला तो तृतीय पुरुष आहे. फ्रॉइडने १९०५ च्या आपल्या ग्रंथात हेतुपुरस्सर केलेल्या विनोदाला तीन व्यक्ती लागतात असे प्रतिपादन केले : सांगणारा, ज्याच्यावर विनोद होतो तो, आणि ऐकून हसणारा. त्याचा विचार मानसशास्त्रीय होता. मराठीच्या विभक्तींनी तीच रचना आपल्या परीने नोंदवून ठेवली आहे.

येथे शिवीशी तुलना उद्‌बोधक ठरते. शिवी चतुर्थीत जाते : 'त्याला शिवी दिली'. शिवीला घेणारा असतो आणि ती परतही करता येते. म्हणून शिवी उद्धट असली तरी ती समोरच्याचे अस्तित्व मान्य करते. 'त्याच्यावर' केलेला विनोद हे मान्य करीत नाही. तो त्याच्याविषयी असतो, पण त्याला उद्देशून नसतो. अशा विनोदाने दुखावलेला माणूस तक्रार करू लागला म्हणजे 'याला विनोद कळत नाही' असे म्हटले जाते, ते याच कारणाने. ज्याला बोललेच नाही त्याने उत्तर दिले, ही त्या मंडळीच्या दृष्टीने आगळीक होय.

समाजाने मान्य केलेल्या जुन्या थट्टेचे प्रकार पाहिले तर ते बहुतेक '-शी' या वर्गात पडतात. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, व्याही-विहीण या नात्यांतील थट्टा प्रसिद्ध आहे. रॅडक्लिफ-ब्राउन या मानवशास्त्रज्ञाने १९४० साली थट्टेच्या नात्यांवर निबंध लिहून अशा संबंधांचे सामाजिक प्रयोजन दाखविले. ज्या नात्यांत जवळीक आणि ताण दोन्ही असतात तेथे थट्टा हा ताण सांभाळण्याचा मार्ग ठरतो. शिमग्यातील बोंब आणि अपशब्द यांनाही काळाची मर्यादा होती : ठरलेले दिवस संपले की तेच शब्द पुन्हा शिवी ठरत. म्हणजे परवानगी होती, पण ती नात्याने किंवा तिथीने बांधलेली होती. 'मस्करीची कुस्करी होणे' हा वाक्प्रचार ही बंधने सुटल्यावर काय होते याची भाषेने करून ठेवलेली नोंद आहे.

२

भारतीय नाट्यविचारात हा भेद अपरिचित नव्हता. नाट्यशास्त्रात हास्यरसाचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत, आणि स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याच्या सहा पायऱ्या उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींत वाटून दिल्या आहेत. म्हणजे कोण किती आणि कसा हसतो यावरून त्याची पारख होते, हे शास्त्रकारांना मान्य होते. मात्र त्याच शास्त्रात हास्याच्या विभावांत विकृत वेष, विकृत अलंकार यांच्या जोडीला व्यंगदर्शनही, म्हणजे दुसऱ्याचे शारीरिक वैगुण्य पाहणेही, येते. ज्याचे व्यंग पाहिले जाते त्याला काय वाटते, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. तो विभाव आहे; रसाचा आस्वाद घेणारा दुसराच आहे.

परंतु त्याच ग्रंथाच्या अखेरीस आलेली कथा या उणिवेवर जणू भाष्य करते. नाट्यवेदाच्या ज्ञानाने उन्मत्त झालेल्या भरतपुत्रांनी ऋषींची टिंगल करणारे ग्राम्य प्रयोग केले. ऋषी क्रुद्ध झाले आणि त्यांनी शाप दिला की, या नटांचे ज्ञान नष्ट होईल आणि त्यांना व त्यांच्या वंशाला शूद्रत्व येईल. या कथेकडे सामान्यतः नटवर्गाच्या सामाजिक स्थानाची उपपत्ती म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली अशी की, येथे विनोदाचा विषय झालेल्यांपाशी शाप होता. त्यांना उत्तर देता आले, आणि ते उत्तर मूळ विनोदाहून शतपट जड होते. असा विषय लाभलेला विनोदकार आपल्या विनोदाची किंमत जाणून असतो. परंतु व्यवहारात ज्यांच्यावर विनोद केले जातात त्यांतील बहुसंख्यांपाशी शाप नसतो. आंधळा, तोतरा, मोलकरीण, परप्रांतातून आलेला मजूर, ज्याची जात उच्चारताच मंडळीत हसू पसरते असा माणूस, यांच्यावरील विनोद सांगणाऱ्याला काहीही मोजावे लागत नाही. सुरक्षिततेमुळेच हा विनोद सोपा होतो, आणि तो सोपा असल्यामुळेच विनोद म्हणूनही बहुधा सामान्य असतो.

दुसरी गोष्ट शापाच्या आशयाची. ऋषींनी दिलेली शिक्षा म्हणजे शूद्रत्व. ज्या समाजाला कथेत शिक्षेचे स्थान म्हणून वापरले, त्याचा या कलहाशी काहीच संबंध नव्हता. प्रहसन करणारे आणि शाप देणारे यांच्या भांडणात अवमान झाला तो तिसऱ्याचाच, आणि त्याची दखल कथेत कोणी घेतली नाही. अवमान किती सहज घडतो आणि तो करणाऱ्याच्या लक्षातही कसा येत नाही, याचे यापरते उदाहरण क्वचित्‌च सापडेल.

३

आता या विनोदाच्या अंतर्रचनेकडे वळावे. त्यासाठी भारतात सर्वत्र प्रचलित असलेला एक वर्ग उदाहरणादाखल घेता येईल. तो म्हणजे शीख समाजाच्या मूर्खपणाचे चुटके. महाराष्ट्रातही ते घरोघर सांगितले जातात.

या चुटक्यांचा सांगाडा पाहिला तर तो विशिष्ट समाजाचा मुळीच नाही, असे दिसून येते. अंधार पडला की नाही हे पाहण्यासाठी काडी ओढणारा माणूस हा असा एक सांगाडा. त्यात कोणत्याही समाजाचे नाव घातले तरी चालते. क्रिस्टी डेव्हिस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या जगभरच्या वांशिक विनोदाच्या अभ्यासात दाखवून दिले की, इंग्लंडमध्ये आयरिश लोकांवर, अमेरिकेत पोलिश लोकांवर, फ्रान्समध्ये बेल्जियनांवर, ब्राझीलमध्ये पोर्तुगीजांवर आणि भारतात शिखांवर एकाच घाटाचे विनोद रचले जातात. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका ग्रीक चुटकेसंग्रहात अब्देरा या नगरीच्या रहिवाशांची हीच गत केलेली आढळते. भाषाशास्त्रात घटकाचे कार्य ओळखण्यासाठी प्रतिस्थापनाची कसोटी लावतात. ती येथे लावली तर निष्कर्ष स्पष्ट आहे : विनोदातील समाजनाम हे निरीक्षणातून आलेले वर्णन नव्हे. एक रिकामी जागा आहे, आणि ती कोणाच्या तरी नावाने भरावयाची आहे.

येथे बचावाचा पक्ष अधिक बळकट झाल्यासारखा वाटेल. नाव केवळ जागा भरण्यापुरते असेल तर त्यात अवमान कोठे? परंतु प्रश्न उलट बाजूने विचारावयास हवा. जागा कोणत्याही नावाने भरता येत असेल, तर 'एक माणूस' एवढ्यावर का भागत नाही? 'एक माणूस काडी ओढून अंधार पाहू लागला' असे म्हटले तरी विसंगती शिल्लक राहते. तरीही कथकाला 'एक सरदारजी' असे म्हणावेसे वाटते, कारण त्यामुळे श्रोता पुढील मूर्खपणासाठी आधीच तयार होतो. संभाषणात दिलेली माहिती प्रयोजनाला धरून असते असे श्रोता गृहीत धरतो. हे तत्त्व ग्राइस या तत्त्वज्ञाने १९६७ च्या आपल्या व्याख्यानांत मांडले. ओळख करून देताना समाज सांगितला, त्या अर्थी तो पुढील घटनेशी संबद्ध असला पाहिजे, हा श्रोत्याचा अनुमानव्यापार असतो. 'हे लोक असेच असतात' हे वाक्य कथक उच्चारीत नाही; ते श्रोता अध्याहृत घेतो. ते घेतल्यावाचून विनोद कळत नाही.

यावरून 'नुसती गंमत होती' या बचावाची मर्यादा लक्षात येते. विधान आणि पूर्वगृहीत यांतील भेद तर्कशास्त्रात फ्रेगेने १८९२ साली सूचित केला आणि स्ट्रॉसनने १९५० साली त्याला पुन्हा चालना दिली. 'त्याने दारू सोडली' आणि 'त्याने दारू सोडली नाही' ही विधाने परस्परविरुद्ध आहेत, पण तो दारू पीत होता हे दोन्हींत गृहीतच आहे. विधान नाकारले तरी पूर्वगृहीत टिकून राहते. विनोदाचेही असेच होते. 'हे खरे नव्हे, गंमत आहे' असे म्हटल्याने मागे घेतली जाते ती काडी ओढण्याची घटना. ज्या गृहीतावर हास्य उभे राहिले, ते मागे घेतले जात नाही. किंबहुना सर्वांनी मिळून हसल्यामुळे ते सर्वांचे असल्याची खूण पटते. काव्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर कथक वाच्यार्थाचे मालकत्व नाकारतो आणि व्यंग्यार्थाचा लाभ घेतो. परंतु आनंदवर्धनाच्या अनुयायांनी प्रतीयमान अर्थाचे श्रेय कवीलाच दिले आहे. चांगल्या ध्वनीचे श्रेय घ्यावयाचे तर वाईट ध्वनीचा दोषही घेतला पाहिजे.

४

एवढ्याने परिणामांचा प्रश्न मात्र सुटत नाही. पूर्वगृहीत टिकून राहते हे मान्य केले तरी त्याने प्रत्यक्ष अपाय होतो काय? डेव्हिस यांचे मत असे होते की, विनोद हे समाजातील तापमान दाखविणारे यंत्र आहे, ते तापमान घडवीत नाही; शिवाय मूर्खपणाचे विनोद ज्यांच्यावर होतात त्यांच्याशी वैर असतेच असेही नाही. उलट पक्षी टॉमस फोर्ड आणि मार्क फर्ग्युसन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली असे प्रतिपादन केले की, अवमानकारक विनोद नवा पूर्वग्रह निर्माण करीत नसला तरी ज्यांच्या मनात तो आधीच आहे त्यांना तो व्यक्त करण्याची मोकळीक देतो. गंभीरपणे बोलल्यास जे नियमबाह्य ठरेल ते विनोदाच्या आवरणात चालते, असा संदेश मंडळीला मिळतो. या दोन मतांत वाटतो तितका विरोध नाही. पहिले मत विनोदाच्या उत्पत्तीविषयी आहे, दुसरे त्याच्या प्रयोगाविषयी. विनोद वैरातून जन्मला नसला तरी वैर बाळगणाऱ्याला तो उपयोगी पडू शकतो. सांगणाऱ्याला श्रोत्यांची मने तपासता येत नाहीत, म्हणूनच त्याने सावध राहावयाचे.

शीख समाजाच्या बाबतीत या सावधगिरीचे कारण इतिहासाने दिले आहे. नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीत झालेल्या हत्याकांडात अधिकृत मोजणीप्रमाणे २,७३३ माणसे मारली गेली. विनोदांमुळे ते घडले असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होईल. परंतु त्यानंतरही तेच चुटके त्याच शब्दांत सांगितले जात राहिले. ज्या पगडीमुळे माणूस गर्दीत ओळखला जाऊन मारला गेला, तीच पगडी चुटक्यात हास्याची खूण म्हणून कायम राहिली. विनोदाचे शब्द तेच असले तरी ते ज्या जगात उच्चारले जातात ते जग बदललेले असते. उक्तीचा अर्थ प्रसंगाने ठरतो, हे भाषेच्या अभ्यासकाला निराळे सांगावयास नको.

पुढे २०१५ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. अशा विनोदांच्या प्रसारावर, विशेषतः ते प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळांवर, बंदी घालावी अशी मागणी एका शीख महिला वकिलाने याचिकेद्वारे केली. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने असे मत व्यक्त केले की, नागरिकांच्या आचरणासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे घालून देणे हे न्यायालयाचे काम नव्हे. या निर्णयाचा अर्थ काहींनी 'असे विनोद सांगण्यास हरकत नाही' असा घेतला. तो अर्थ बरोबर नाही. न्यायालयाने जबाबदारी नाही असे म्हटलेले नाही. ती कायद्याने लादता येण्याजोगी नाही एवढेच म्हटले आहे. जे कायद्याच्या हद्दीबाहेर राहते ते समाजाच्या विवेकाकडे येते. त्या दिवशी न्यायालयाने जे स्वतःकडे घेतले नाही, ते बोलणाऱ्याकडे आणि ऐकणाऱ्याकडे परत आले.

महाराष्ट्राला ही बाब दूरची नाही. गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण १७०८ साली गोदावरीकाठी नांदेड येथे झाले. तेथील हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे, आणि तेथील अनेक शीख कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या याच भूमीत राहिली आहेत. मराठीत सांगितला जाणारा सरदारजीचा चुटका हा परक्याविषयी आपसांत केलेले बोलणे असतो, असे सांगणारा समजतो. पण तो ऐकणाऱ्यांत मराठी समजणारा शीखही असतो. ज्याला तृतीय पुरुष मानले तो त्याच भाषेचा द्वितीय पुरुष असतो. त्याला तसे संबोधलेले नसते, एवढेच.

५

येथे एक महत्त्वाचा आक्षेप उपस्थित होतो. स्वतः शीख असलेले खुशवंत सिंग यांनी सरदारजींचे चुटके आपल्या संग्रहांतून छापले. १९६९ ते १९७८ या काळात मुंबईहून निघणाऱ्या एका प्रसिद्ध इंग्रजी साप्ताहिकाचे ते संपादक होते, आणि त्यांच्या विनोदाला मोठा वाचकवर्ग लाभला. हे लाचारीचे हसणे होते असेही म्हणता येत नाही, कारण सुवर्णमंदिरातील लष्करी कारवाईच्या निषेधार्थ १९८४ साली पद्मभूषण परत करणारेही तेच होते. ज्यांचा समाज, त्यांनाच विनोद चालत असेल, तर इतरांनी सोवळेपणा का करावा?

याचे उत्तर पुन्हा पुरुषभेदात आहे. खुशवंत सिंगांच्या चुटक्यातील 'सरदारजी' या पदामागे 'आम्ही' हे सर्वनाम उभे असते. तोच चुटका दुसऱ्याने सांगितला की, परोक्षकथनात जसे 'मी'चे 'तो' होते, तसे त्या 'आम्ही'चे 'ते' होते. शब्द जसेच्या तसे राहिले तरी वक्ता बदलताच अर्थ बदलतो. 'मी मूर्ख आहे' हे वाक्य दुसऱ्याने आपल्याविषयी उच्चारले, म्हणून 'तू मूर्ख आहेस' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होत नाही.

मराठी विनोदाची श्रेष्ठ परंपरा या प्रथम पुरुषाच्या आश्रयानेच वाढली आहे. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका ही पात्रे येतात. त्यांत बोलणारा स्वतः आंधळ्याची किंवा पांगळ्याची भूमिका घेतो आणि ते व्यंग आपल्याच अंतरंगाकडे वळवितो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा ज्या रूढींची रेवडी उडवितो त्या पाळणाऱ्यांत तो स्वतः, बंडूनाना आणि पांडुतात्या हे आघाडीवर असतात. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाची फजिती चिमणरावच सांगतो. या लेखकांनी अवमान टाळला तो भिडेखातर नव्हे. हास्याचा विषय आणि हास्याचा कर्ता एकाच देहात ठेवण्याची कला त्यांना साधली होती.

अर्थात् प्रथम पुरुष हेही सर्व प्रसंगी निर्दोष प्रमाणपत्र नव्हे. दुर्बलाला कधी कधी मंडळीत स्थान मिळविण्यासाठी आपलेच हसे करून घ्यावे लागते. सर्वांबरोबर हसणारा तोतरा विद्यार्थी हसतो तेव्हा त्याने संमती दिली असे समजणे घाईचे आहे. हसला नाही तर त्याला मंडळीबाहेर जावे लागेल, हे तो ओळखून असतो.

दुसरा आक्षेप असा की, ही दृष्टी स्वीकारल्यास विनोदाचा प्राणच जाईल आणि ज्याच्या त्याच्या दुखावलेल्या भावनांना विनोदावर वेठीचा अधिकार मिळेल. ही भीती निराधार नाही. २०१२ साली मुंबईत एका व्यंगचित्रकाराला राज्यसंस्थेवर टीका करणाऱ्या चित्रांबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. तो आरोप पुढे मागे घेण्यात आला. सत्ताधाऱ्याची भावना दुखावणे हा जर दोष मानला तर उपहासवाङ्मय संपलेच. म्हणूनच 'कोणाला तरी वाईट वाटले' ही कसोटी अपुरी आहे. कोल्हटकरांच्या विनोदाने कर्मठांना वाईट वाटले असेल. अत्र्यांच्या 'झेंडूची फुले' (१९२५) मधील विडंबनांनी अनेक कवींना बोचले असेल. परंतु रूढी सोडता येते, काव्यातील लकब टाकता येते, आणि विडंबनाला उत्तर देण्यासाठी कवीच्या हाती लेखणी असते. कृतीवरील विनोद आणि जन्मावरील विनोद यांत हा मूलभूत फरक आहे. जात, देहाचे व्यंग, लिंग, मातृबोली ही माणसाने केलेली नसतात. ती त्याला टाकताही येत नाहीत. त्यांना हसून काही सुधारावयाचे नसते. ज्या हास्यातून सुधारणेचा हेतू वजा केला त्याच्यात उरते ती केवळ आपण तसे नसल्याची खात्री.

६

या विवेचनाचा विद्यापीठाशी असलेला संबंध अखेरीस लक्षात घ्यावयास हवा, कारण वर्ग ही अशी जागा आहे की जेथे सांगणाऱ्याचा अधिकार आणि ऐकणाऱ्याची अडचण दोन्ही पराकोटीची असतात. शिक्षकाच्या विनोदाला न हसण्याची मुभा विद्यार्थ्याला क्वचित्‌च असते. त्यातही मराठीच्या वर्गात सर्वांत सोपा विनोद असतो तो उच्चाराचा. 'पाणी' याचा उच्चार 'पानी' करणारा, 'डोळा' याला वऱ्हाडीत 'डोया' म्हणणारा विद्यार्थी बोलू लागला की हसू पसरते. कधी शिक्षकच त्या उच्चाराची नक्कल करून वर्गाला हसवितो. मराठी रंगभूमीने नोकराच्या तोंडी ग्रामीण बोली घालून हा संकेत दृढ केला. संस्कृत नाटकातील विदूषक जातीने ब्राह्मण असूनही प्राकृत बोलत असे. तेथे निदान उच्चवर्णीयाचेच हसे होत होते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या उच्चारांत हसण्यासारखे काहीच नाही. ळकाराच्या जागी यकार येणे ही वऱ्हाडीतील अनियमितता नव्हे. तो त्या बोलीचा नियम आहे, आणि प्रमाण मराठीचे स्वतःचे रूपही अशाच ध्वनिपरिवर्तनांच्या नियमांनी घडले आहे. हे जाणणारा शिक्षकच जेव्हा त्या उच्चारावर विनोद करतो तेव्हा तो स्वतःच्या शास्त्राविरुद्ध साक्ष देतो. त्याचा परिणाम मोजण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. हसू झालेला विद्यार्थी पुढल्या तासाला प्रश्न विचारीत नाही. आणि बोलींच्या अभ्यासाला ज्याच्या कानांची आणि जिभेची सर्वांत अधिक गरज होती तोच वर्गात मुका होतो.

वाक्संप्रदायांच्या अभ्यासातही ही जबाबदारी टळत नाही. जातींवरील आणि व्यंगांवरील शेकडो म्हणी मराठीत आहेत. त्या कोशात नोंदविणे हे अभ्यासकाचे कर्तव्यच होय. नोंद गाळल्याने समाजाचा इतिहास पुसला जातो, समाज सुधारत नाही. परंतु उल्लेख आणि उपयोग या दोन भिन्न क्रिया आहेत. कोशकार म्हणीचा उल्लेख करतो, तेव्हा तो तिच्याविषयी बोलत असतो. तीच म्हण खुर्चीवरून एखाद्याला उद्देशून फेकणारा तिचा उपयोग करीत असतो, आणि 'म्हण जुनी आहे' हा त्याचा बचाव होऊ शकत नाही. शब्द जुने असतात. उच्चार प्रत्येक वेळी नवा असतो, आणि तो कोणाचा तरी असतो.

श्रोत्याची जबाबदारीही याच न्यायाने ठरते. विनोद हे एकट्याचे कृत्य नाही. हसल्यावाचून तो पुरा होत नाही. अध्याहृत वाक्य श्रोत्याने पुरविले नाही तर कथकाला ते स्वतः उच्चारावे लागते, आणि उच्चारताच त्याचे खरे स्वरूप उघडे पडते. 'यात हसण्यासारखे काय आहे?' असा साधा प्रश्न शांतपणे विचारला, की बहुतेक अवमानकारक विनोद स्पष्टीकरणाच्या ओझ्याखाली कोसळतात. न हसणे ही म्हणूनच निष्क्रियता नसून एक प्रकारची समीक्षा आहे.

तात्पर्य, विनोद सांगणाऱ्याने पाहावयाचे ते इतकेच की, ज्याच्याविषयी तो बोलत आहे तो माणूस समोर बसला असता तर हाच विनोद त्याच शब्दांत सांगता आला असता काय, आणि त्याने उलट विनोद केला असता तर तो तितक्याच मोकळेपणाने ऐकून घेता आला असता काय. दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर तो विनोद कोणाशी तरी केलेला आहे. नसतील, तर तो कोणावर तरी केलेला आहे, आणि त्याची जबाबदारी 'गंमत' या एका शब्दाने उतरत नाही.